केमेटिक योग: इजिप्तच्या देवता आसनात कशा वाचायच्या?

नीलतीर (धागालेखन)

केमेटिक योगावर, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या ('केमेत'च्या) मूर्तींवरून आसनं बसवणाऱ्या आधुनिक पद्धतीवर, मराठीत जे थोडंफार बोललं जातं ते दोन टोकांना असतं. एका टोकाला 'योग मुळात इजिप्तचाच', दुसऱ्या टोकाला 'सगळं आपल्याकडून उचललेलं'. दोन्हीकडे मूर्ती कोणी निरखून पाहत नाही. म्हणून हा धागा मूर्तींसाठी. प्राचीन शिल्पात नेमकं काय दिसतं, आधुनिक शिक्षकांनी त्यात कोणता अर्थ घातला आणि आसन करताना त्याचा उपयोग काय, या तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवून बोलू या.

आधी पार्श्वभूमी. ही पद्धत १९७० च्या दशकात शिकागोत घडली. असर हापी आणि यिर्सर रा होतेप यांनी मंदिरांच्या आणि थडग्यांच्या भिंतींवरच्या आकृतींचा अभ्यास करून आसनं बसवली. पुढे मायामीत मुआता अ‍ॅशबी यांनी तिला तत्त्वज्ञानाची विस्तृत बैठक दिली. ते स्वामी शिवानंदांचे शिष्य स्वामी ज्योतिर्मयानंद यांच्याकडे शिकले, त्यामुळे त्यांच्या मांडणीत वेदान्त उघड दिसतो. सेनेगलचे बाबाकार खान यांनी फ्रेंच भाषिकांमध्ये आपल्या वाटेने 'इजिप्शियन योग' शिकवला. प्राचीन इजिप्त ही आफ्रिकेची संस्कृती आहे, हा सेनेगलचे इतिहासकार शेख अंता दिओप यांचा आग्रह या साऱ्यांच्या पाठीशी आहे. १९७४ मध्ये कैरोत युनेस्कोच्या परिसंवादात त्यांनी तो जोरकसपणे मांडला होता. गुलामगिरीत ज्यांचे देव, भाषा आणि नावंही हिरावली गेली, त्यांच्या वंशजांनी आपल्या खंडातल्या देवतांना शरीरात जागा दिली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, आणि तिला पाच हजार वर्षांचं वय चिकटवल्याने तिचं मोल वाढत नाही.

सुरुवात सिंहासनापासून करू. कैरोच्या संग्रहालयात खाफ्रे या फेरोची, म्हणजे इजिप्तच्या राजाची, बसलेली मूर्ती आहे, साधारण इ.स.पू. २५०० ची. तीत तीन गोष्टी एकत्र येतात. डोक्यामागे पंख पसरून बसलेला ससाणा, म्हणजे राजाचा रक्षक देव होरस. मांड्यांवर हात, एक मूठ बंद आणि दुसरा तळहात सपाट. आणि आसनाच्या बाजूवर कोरलेलं 'सेमा-तावी' चिन्ह: मधे फुप्फुसं आणि श्वासनलिका, तिच्याभोवती दक्षिण इजिप्तचं कमळासारखं फूल आणि उत्तरेची पपायरस ही पाणवनस्पती यांच्या देठांची गाठ. राजकीय अर्थ सरळ आहे, दोन देश एका राजाखाली आले. केमेटिक योगातले शिक्षक याच चिन्हाला योगाचं चिन्ह मानतात. हा अर्थ आधुनिक आहे, पण ज्या खांबाभोवती गाठ मारली आहे तो श्वासाचा अवयव आहे हे शिल्पातच आहे. माझ्या मते या संपूर्ण पद्धतीला मिळालेला हा सर्वांत भक्कम आधार.

आसन असं करायचं. पाठ नसलेलं स्टूल घ्या. उंची अशी हवी की कंबर गुडघ्यांपेक्षा दोन बोटं वर राहील. मध्यम उंचीच्या माणसाला ४२ ते ४५ सेंमी पुरतं, कमी पडलं तर घडी केलेली सतरंजी ठेवा. पावलं समांतर, टाचा गुडघ्यांच्या बरोबर खाली. बसायची हाडं स्टुलाला टेकलेली जाणवली पाहिजेत. हात मांड्यांवर, कोपरं बरगड्यांना न दाबता. मग डोक्यामागचा ससाणा आठवा आणि डोक्याचा मागचा भाग त्याच्या छातीकडे अर्धा बोट मागे न्या, हनुवटी वर न उचलता.

इथे हमखास बिघडतं ते कमरेत. मूर्तीची पाठ सरळ दिसते म्हणून लोक छाती पुढे काढतात, खालच्या बरगड्या उघडतात आणि कमरेचा कणा आत वळतो. पाच मिनिटांत पाठ भरून येते. उपाय: श्वास सोडताना खालच्या बरगड्या कमरेच्या दिशेने खाली येऊ द्या आणि तेवढ्यावरच थांबा.


प्राणमित्र

उत्तम सुरुवात. श्वासाचं मी जोडतो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला या पद्धतीतली आसनं दिसतात, पण तिचा कणा चौपदरी श्वास आहे.

आत ४, आत थांबा ४, बाहेर ४, बाहेर थांबा ४. सेकंदाला एक मोजलं तर एक आवर्तन १६ सेकंदांचं; दहा आवर्तनांना २ मिनिटं ४० सेकंद लागतात. आपल्याकडच्या समवृत्ती प्राणायामाशी ही रचना जुळते. फरक वापरात आहे: हे मोजमाप बैठकीपुरतं न ठेवता हालचालीलाही लावतात. घेताना आणि सोडताना शरीर हलतं, दोन्ही थांब्यांत स्थिर राहतं. त्यामुळे गती आपोआप मंद होते आणि प्रत्येक आसन भिंतीवरच्या चित्रासारखं क्षणभर पूर्ण दिसतं.

कुठे चुकतं? पहिलं, आतला थांबा गळा आवळून धरला जातो. गळा मोकळा ठेवा, बरगड्या उघड्या ठेवून थांबा. थांब्यात 'आ' म्हणता येईल इतका गळा सैल हवा. दुसरं, बाहेरचा थांबा ओढून ताणून केला जातो. पुढचा श्वास धापेसारखा आत आला तर मोजणी जास्त आहे असं समजा. चारावरून तीनवर या. तरीही धाप लागली तर बाहेरचा थांबा पूर्ण सोडा, आतला ठेवा. उच्च रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण, काचबिंदू यांत दोन्ही थांबे नकोत. घेणं आणि सोडणं समान ठेवलं तरी पुरे.

देवतांच्या बाजूने पाहिलं तर श्वासासाठी बहुतेक जण थेट शूकडे जातात, कारण तो हवेचा देव. पण सेर्केतला विसरू नये. डोक्यावर विंचू धारण करणारी ही देवी, तिच्या पूर्ण नावाचा अर्थच गळ्याला श्वास घेऊ देणारी असा. विंचवाच्या विषाने श्वास कोंडतो, आणि तो मोकळा करणारीही तीच. तुतनखामुनच्या थडग्यात ममीचे काढलेले अवयव ठेवायच्या पेटीभोवती चार सोनेरी देवी उभ्या आहेत, त्यांत ती आहे: हात बाजूंना पसरलेले, मान किंचित वळलेली. ज्यांचा थांब्यात गळा आवळतो त्यांना तिची मुद्रा द्या. उभं राहून हात खांद्यांपेक्षा थोडे खाली पसरायचे, कोपरं सैल, मान डावीकडे साधारण ३० अंश, तीन श्वास, मग उजवीकडे. 


भ्रमर

एक प्रश्न. तुम्ही होरस लिहिता, तशीच ओसायरिस, आयसिस ही नावं; काही शिक्षक त्यांना अनुक्रमे हेरू, असर, औसेत म्हणतात. वर्गात कोणतं वापरावं?


नीलतीर

@भ्रमर, वर्गात असर, औसेत वापरा, कारण या परंपरेने ग्रीकांनी दिलेली नावं बाजूला ठेवून स्वतःची निवडली आहेत आणि त्याचा मान राखला पाहिजे. फक्त 'हाच मूळ उच्चार' असं सांगू नका. चित्रलिपीत स्वर लिहीत नसत. स्वरांचा अंदाज मुख्यतः कॉप्टिकवरून, म्हणजे इजिप्शियन भाषेच्या शेवटच्या, स्वर लिहिणाऱ्या रूपावरून येतो, आणि त्यात ओसायरिस 'उसिरे'च्या जवळ जातो, आयसिस 'एसे'च्या. या धाग्यात वाचकांना ओळखीची म्हणून मी ग्रीक रूपंच ठेवतो.


शिल्परेखा

आता आकाश आणि जमीन. माझ्या दृष्टीने केमेटिक योगातला सर्वांत समृद्ध भाग हाच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ब्रिटिश म्युझियममधल्या ग्रीनफिल्ड पपायरसवर (पपायरसच्या कागदाची गुंडाळी, इ.स.पू. दहाव्या शतकातली) प्रसिद्ध चित्र आहे. नूत, म्हणजे आकाश, कमानीसारखी वाकलेली. तिच्या हातापायांची बोटं क्षितिजाला टेकलेली. खाली गेब, म्हणजे पृथ्वी, एका कोपरावर रेललेला, एक गुडघा वर. मधे शू दोन्ही हातांनी नूतला उचलून धरतो. आपल्या कानांना विचित्र वाटेल असा भाग म्हणजे आकाश स्त्री आणि पृथ्वी पुरुष. द्यावापृथिवीच्या (आकाश पिता, पृथ्वी माता) सवयीने वाचलं तर आसनांचा अर्थ उलटा लागतो, हे भारतीय शिकणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगावं.

रोज संध्याकाळी नूत सूर्य गिळते आणि सकाळी त्याला जन्म देते. रामसेस सहावा याच्या थडग्याच्या छतावर तिचं लांबलचक शरीर आणि त्यातून रात्रीच्या तासांतून जाणारा सूर्य रंगवलेला आहे. म्हणजे काळोख हा तिच्या पोटातला प्रवास.

नूत आसन: उभं राहून पाय कमरेइतके दूर. श्वास घेत हात वर, सोडत कमरेतून पुढे वाका, हातांची बोटं पायांपासून साधारण दीड हात पुढे टेकवा. टाचा किंचित उचललेल्या चालतात, कारण चित्रातही भार बोटांवर आहे. हे अधोमुख श्वानासनापेक्षा आखूड आणि उत्तानासनापेक्षा लांब. पाठीची कमान एकसारखी हवी. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असले की सगळा बाक कमरेत येतो आणि बाकी पाठ सपाट राहते. तेव्हा गुडघे वाकवा, पोट मांड्यांकडे आणा, मग कमान पसरते. तरीही हात पोचत नसतील तर दोन विटा किंवा जाड पुस्तकं घ्या. बाहेरच्या थांब्यात सूर्य पोटात आहे अशी धारणा ठेवायची. पाच आवर्तनं. वर येताना घाई केली तर चक्कर येते. गुडघे वाकवून, हात मांड्यांवर ठेवून दोन श्वासांत या.

शू आसन: तुतनखामुनच्या हस्तिदंती उशीवर शू गुडघा टेकून बसलेला आहे आणि दोन्ही बाजूंना दोन सिंह. उजवा गुडघा जमिनीला, डावं पाऊल सपाट, दोन्ही हात वर, तळहात आकाशाला टेकू दिल्यासारखे उताणे. खांदे कानांकडे चढले की भार मानेवर जातो. कोपरं थोडी वाकवून डोळ्यांच्या पुढे आणा, म्हणजे पात्याची हाडं खाली सरकतात. या आसनात उचलण्याचं काम श्वासाने होतं, हातांनी नव्हे. घेताना दोन्ही बगला लांबतात का एवढंच पाहा.

गेब आसन: कुशीवर, कोपर खांद्याच्या बरोबर खाली, वरचा गुडघा उभा, नजर वर. काही पपायरसांवर गेब पाय डोक्यापलीकडे नेऊन वळलेला दिसतो, त्यावरून काही ठिकाणी हलासन शिकवतात. ती चित्रं सृष्टीच्या प्रजननाची आहेत, व्यायामाची नाहीत. हलासन करायचंच असेल तर खांद्यांखाली दोनतीन घड्यांचं कांबळं, मान कडेबाहेर मोकळी. मानेचा स्पाँडिलायटिस, रक्तदाब, काचबिंदू असेल तर वगळा. नवशिक्यांना रेललेला गेबच द्यावा.

अजून एक बारकावा. शूच्या डोक्यावर शहामृगाचं पीस असतं, आणि सत्याची, ऋताची देवी मात हिच्याही. शवपेट्यांवरच्या मंत्रांत, ८० व्या मंत्रात, सृष्टिकर्ता देव अतुम आपल्या दोन अपत्यांबद्दल सांगतो: शूचं नाव 'जीवन', तेफ्नूतचं नाव 'मात'. हवा आणि ऋत ही जुळी भावंडं. चौपदरी श्वासाला नीतीशी जोडायचं असेल तर आधार इथे शोधावा.


विसावा

लेख आणि प्रतिसाद आवडले. आता अवघड मुद्दा काढतो: फेरोच्या कपाळावरचा नाग. 'ही जागृत कुंडलिनी' असं सर्रास शिकवलं जातं. कपाळावर फणा, म्हणजे आज्ञाचक्र, इतकं सोपं गणित. तुम्हाला काय वाटतं?


नीलतीर

@विसावा, तुलना म्हणून ध्यानात ठेवायला हरकत नाही, पण इतिहास म्हणून ती टिकत नाही.

कपाळावरचा नाग म्हणजे वाजेत, उत्तरेतल्या बुटोची देवी. तिच्या जोडीला दक्षिणेतल्या नेखेबची गिधाडदेवी नेखबेत. दोघी मिळून राजाच्या 'दोन स्वामिनी'. तुतनखामुनच्या मुखवट्यावर दोघी शेजारी शेजारी आहेत. वाजेत रक्षक आहे: ती समोरच्या शत्रूवर आग फेकते. तिची दिशा आतून बाहेर.

कुंडलिनीची दिशा वेगळी. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली कुंकवात न्हालेली नागिणीची पिल्ली मुळाशी वेटोळं घालून निजलेली आहे. ती जागी होते, देहातले धातू खाते, वर चढते आणि शेवटी मारुतात विरते. वाजेत कण्यातून चढत असल्याचं एकही इजिप्शियन चित्र किंवा वचन नाही. तिचं स्थान पहिल्यापासून कपाळ, आणि काम पहारा.

मला तर हा फरकच साधनेत उपयोगी वाटतो. वाजेतला कुंडलिनी मानून श्वास वर ओढायला लावलं की लोक कपाळ आवळतात, डोळे वर फिरवतात आणि डोकं दुखतं. तिला पहारेकरी मानलं की सूचना साधी होते: सिंहासनात बसा, डोळे उघडे, नजर समोर तीन हातांवर जमिनीच्या किंचित वर, पापण्या सैल, पाच आवर्तनं. आत येणारा विचार दारात ओळखायचा. ही सजगता इजिप्तच्या मूर्तीशी प्रामाणिक आहे. तिच्या पाठोपाठ नेखबेतसाठी दोन्ही हात मागून पुढे, पंखांनी कोणाला झाकावं तसे आणायचे; त्यात खांद्यांमागचा ताण निघतो.


शिल्परेखा

सहमत. 'होरसचा डोळा म्हणजे मेंदूतली ग्रंथी' हाही त्याच जातीचा समज. डोळ्याचं चिन्ह आणि मेंदूचा उभा छेद शेजारी ठेवलेलं चित्र सगळीकडे फिरतं. ममी करताना मेंदू नाकातून काढून टाकत, जपून ठेवत ते हृदय. विचार, स्मृती, साक्ष सगळं हृदयात. होरसचा डोळा त्याचा प्रतिस्पर्धी देव सेथ याने जखमी केला आणि विद्येचा देव थोथ याने तो पुन्हा पूर्ण केला, म्हणून ते चिन्ह बरं होण्याचं आणि पूर्ण होण्याचं. आजारातून उठलेल्या माणसाच्या साधनेत याहून चांगलं चिन्ह कोणतं असेल?


प्राणमित्र

आता जेद. चार आडव्या पट्ट्यांचा हा स्तंभ म्हणजे मृतांचा देव ओसायरिस याचा कणा. अबिदोसला सेती पहिला याच्या मंदिरात राजा आणि ओसायरिसची पत्नी आयसिस आडवा जेद मिळून उभा करताना कोरले आहेत. इजिप्तच्या पंचांगातल्या खोइआक महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो उभारण्याचा विधी होत असे. थीब्जला खेरूएफ या अधिकाऱ्याच्या थडग्यात राजा आमेनहोतेप तिसरा दोरांनी तो ओढताना दिसतो.

अ‍ॅशबींच्या मांडणीत जेदचे चार आडवे पट्टे म्हणजे वरची चार चक्रं. चक्रांची सांगड ही त्यांनी घातलेली. कणा हा अर्थ मात्र प्राचीनच. आणि अबिदोसच्या शिल्पातली मला भिडणारी गोष्ट: स्तंभ आपला आपण उठत नाही. दोघं मिळून उचलतात. जोडीने करायचं आसन म्हणून हे फार सुंदर बसतं.

एकट्याने: टाचा जुळवा, पावलं पुढे एक वीत उघडी. हात छातीवर ओलांडून मुठी खांद्यांच्या पुढे. चार पट्टे खालून वर मोजा: कंबर, खालच्या बरगड्या, खांद्यांची पाती, कवटीचा पाया. प्रत्येक श्वासाला एक पट्टा लांबवा. चार श्वास चढायला, दोन स्थिर, एकूण सहा. हात ओलांडल्याने छाती दबते आणि श्वास गळ्याशी येतो, म्हणून कोपरं शरीरापासून चार बोटं पुढे ठेवा आणि श्वास पाठीकडे घ्या. गुडघे मागे ढकलून कुलूपबंद करू नका.

जोडीने: एक जण गुडघे वाकवून पुढे झुकतो, दुसरा मागे उभा राहून एक तळहात त्याच्या माकडहाडाच्या वर आणि दुसरा पाठीच्या मध्यावर ठेवतो. ढकलायचं अजिबात नाही. तळहाताची उबदार जागा सापडली की पहिला त्या जागेपासून स्वतः उठतो. सहायकाने जोर लावला की पुढच्याचा तोल पंजांवर जातो आणि पोटऱ्या ताठरतात.


भ्रमर

ओसायरिस आला की त्याला मारणारा भाऊ सेथ आलाच. अ‍ॅशबी सेथला अहंकार म्हणतात आणि ओसायरिसचा मुलगा होरस याचा विजय म्हणजे आत्म्याचा विजय. मग साधनेत सेथला 'मारायचं' का?


नीलतीर

@भ्रमर, मारायचं नाही, आणि याला शिल्पांचा पुरावा आहे. लिश्त इथे सापडलेल्या राजा सेनुस्रेत पहिला याच्या चुनखडीच्या दहा मूर्तींच्या आसनांवर सेमा-तावी कोरलेलं आहे. त्यांतल्या काही आसनांवर श्वासनलिकेभोवतीचे देठ ओढून गाठ मारणारे दोघे कोण? होरस आणि सेथ. समोरासमोर उभे, एकेक पाय चिन्हाच्या तळाशी रोवलेला. एकाने सोडलं तर गाठ सुटेल.

होरस-सेथ वादाच्या नवराज्यकालीन कथेत खटला ८० वर्षं चालतो. राज्य होरसला मिळतं, आणि सेथला सूर्यदेव रा आपल्याजवळ बोलावतो, आकाशात गर्जायला. सूर्याच्या नौकेच्या अग्रभागी उभं राहून अपेप सर्पाला भाला मारणाराही सेथच. ज्या मंदिरात ओसायरिसचा कणा उभारला जातो ते बांधणाऱ्या राजाचं नाव सेती, म्हणजे सेथचा.

अहंकार हा अर्थ अ‍ॅशबींच्या वेदान्ती बाजूने आला आणि त्याची स्वतःची शिस्त आहे. इजिप्तच्या बाजूने पाहिलं तर सेथ म्हणजे उग्र बळ, जे नौकेवर जागेला लागलं की सूर्य वाचतो. आसनात हे दाखवायचं तर: दोघं समोरासमोर उभे, मधे एक मजबूत ओढणी किंवा पट्टा, प्रत्येकी एक टोक. उजवी पावलं पुढे, बाहेरच्या कडा जवळ. श्वास सोडताना दोघांनी समान ओढ घ्यायची, घेताना अर्धी ढिलावायची. ओढणी मधोमध हलली नाही तर जमलं. ज्याची ताकद जास्त त्याने समोरच्याइतकीच ओढ द्यायची, हाच अभ्यास. मनगटाला पट्टा गुंडाळू नका. मुठीत धरा, म्हणजे सुटला तर मनगट मुरगळत नाही.


शिल्परेखा

सिंहमुखी देवी सेखमेतचं थोडक्यात लिहिते, कारण ती याच विचाराची. स्वर्गीय गाईच्या कथेत रा मानवांवर उग्र देवी सोडतो, मग तिला आवरण्यासाठी ७००० घडे लाल केलेली बीअर शेतांवर ओततात. तिची उग्रता संपत नाही, तिला वेगळं पेय मिळतं. हठयोगातल्या सिंहासनातला (सिंहमुद्रेचा, वरच्या बैठकीचा नव्हे) जोरदार उच्छ्वास तिच्या नावाने शिकवतात. तीन वेळा पुरे, त्यानंतर लगेच दोन संथ श्वास घ्यावेत. घसा बसलेला असेल तर करू नये.


विसावा

भारताशी प्रत्यक्ष संबंधाचा काही पुरावा आहे का? 'योग तिकडून आला' किंवा 'इकडून गेला' यापलीकडे?


नीलतीर

@विसावा, संपर्काचा आहे, आणि तो रोमन काळातला. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात आयसिसच्या मंदिराच्या प्रांगणात संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली. २०२३ मध्ये ती जाहीर झाली. तिथेच सम्राट फिलिपच्या काळातला (इ.स. २४४ ते २४९) संस्कृत लेखही सापडला. त्याच बंदरात सात किलोंहून जास्त काळी मिरी भरलेलं भांडं निघालं. त्या काळच्या ग्रीक नाविकी वर्णनात सोपारा आणि कल्याणची नावं आहेत, म्हणजे आपली कोकणपट्टी या वाटेवर होती. ऑक्सिरिंकसच्या एका पपायरसावरच्या आयसिसस्तोत्रात तिची देशोदेशींची नावं दिली आहेत, त्यात भारतीयांमध्ये तिला 'माया' म्हणतात असं आहे.

यातून देव एकमेकांच्या मंदिरात राहत होते हे सिद्ध होतं. आसनं इकडून तिकडे गेल्याचं काही दिसत नाही. बेनी हसनच्या थडग्यांतल्या कुस्तीच्या जोड्या आणि तुरीनच्या संग्रहालयातल्या खापरीवरची मागे कमान टाकलेली नर्तकी हे इजिप्तच्या शरीरसाधनेचे खरे पुरावे. ते मल्लांचे आणि नर्तकांचे आहेत. आसन धरून श्वास मोजण्याची शिस्त आजच्या केमेटिक योगात हठयोगाकडून आली असं मी मानतो, आणि मूर्ती, नीती, वंशस्मृती इजिप्तकडून. दोन्ही ऋणं मोकळेपणाने सांगावीत.


प्राणमित्र

नीतीचा विषय निघाला म्हणून मातबद्दल. 'मातची सात तत्त्वं' (सत्य, न्याय, सुसंवाद, समतोल, सुव्यवस्था, परस्परता, औचित्य) ही यादी आधुनिक आहे. शिकवायला सोयीची आहे, पण भिंतीवर कोरलेली सापडणार नाही. मृतांच्या ग्रंथाच्या १२५ व्या अध्यायात कबुली आहे, काही महान देवासमोर, काही ४२ न्यायाधीशांसमोर, आणि ती फार ठोस आहे: मी तराजूच्या वजनात फेरफार केला नाही, वाहतं पाणी अडवलं नाही, लेकरांच्या तोंडचं दूध काढून घेतलं नाही, चोरून ऐकलं नाही. शेती, बाजार, शेजार, घर. ध्यानाला ही वाक्यं अमूर्त तत्त्वांपेक्षा कितीतरी जास्त धार देतात.

पद्धत: सिंहासनात बसून दिवसाला तीनच वाक्यं. प्रत्येक वाक्य बाहेरच्या थांब्यात मनात म्हणायचं, मग श्वास आत घेताना छातीत काही आवळतं का पाहायचं. हृदयावर ठेवायच्या ताईताचा जो मंत्र आहे (३० ब), त्यात माणूस आपल्याच हृदयाला विनवतो की साक्षीत माझ्याविरुद्ध उभं राहू नकोस. म्हणजे खरं बोलणारा साक्षीदार आत बसलेला आहे हे गृहीतच आहे. सगळी ४२ एका बैठकीत म्हटली की ती पाठांतर होतात, आवळणं कळत नाही.


भ्रमर

या सगळ्याचा ४५ मिनिटांचा क्रम कोणी देईल का? नवशिक्यांसाठी. आणि गुडघे दुखणाऱ्यांचं काय?


शिल्परेखा

@भ्रमर, असा लावा. सिंहासन आणि चौपदरी श्वास ६ मिनिटं, त्यातच वाजेतची उघडी नजर. सेर्केत दोन्ही बाजूंना, २ मिनिटं. जेद एकट्याने दोनदा, ५ मिनिटं. शू दोन्ही गुडघ्यांवर, ५. नूत दोन फेऱ्या, मधे एक मिनिट उभं राहून, ७. गेब दोन्ही कुशींवर, ४. मग हेनू: गुडघा टेकून एक मूठ छातीवर, दुसरी वाकवलेल्या हाताने वर, आणि प्रत्येक उच्छ्वासाला हात बदलायचे; पे आणि नेखेन या प्राचीन नगरांचे ससाणामुखी-कोल्हामुखी आत्मे उगवत्या सूर्यासमोर हीच मुद्रा करतात. ३ मिनिटं, मूठ आपटायची नाही. मातची तीन वाक्यं ५ मिनिटं. उरलेली ८ मिनिटं ओसायरिससारखं उताणं, टाचा जवळ. हात ओलांडून छाती जड होत असेल तर कोपरांखाली घडी केलेले टॉवेल ठेवा, तरीही अवघडलं तर हात सरळ बाजूला सोडा.

गुडघ्यांसाठी: टेकणाऱ्या गुडघ्याखाली चार घड्यांची चादर, आणि वाटीवर भार न देता वाटीच्या जरा खाली, नडगीच्या सुरुवातीला द्या. मागच्या पायाचा चवडा दुमडून ठेवला की काही भार तिकडे जातो. वाटी झिजलेली असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर शू आणि हेनू दोन्ही स्टुलावर बसून करा, एक पाऊल पुढे, एक स्टुलाच्या आत. खाफ्रेचं आसन तसंही स्टुलाचंच आहे, त्यामुळे अर्थ कुठेच उणा होत नाही.